मागच्या चाकाचे म्हणणे ऐका

स्कूटर निमूटपणे चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मुलांची शाळा, मंडई, ऑफिस सारे तिच्यावरच होते. मग एक दिवस मागच्या चाकाकडून खरखर ऐकू येते. दोन दिवस आपण काणाडोळा करतो. तिसऱ्या दिवशी शेजारचे कोणी सांगतात, "थोडे तेल सोडा, बंद होईल आवाज."

नेमके हेच करायचे नाही. बहुतेक स्कूटरच्या मागच्या चाकात ड्रम ब्रेक असतो. तेल त्याच्या लायनरवर गेले, तर आवाज थांबेल; पण ऐन वेळी गाडी थांबणार नाही. म्हणून आवाज आधी ओळखायचा, उपाय नंतर.

पहिली तपासणी घराच्या दारात होते. इंजिन बंद करून गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा आणि मागचे चाक हाताने सावकाश फिरवा. जुनी गिअरची स्कूटर असेल तर ती न्यूट्रलमध्ये हवी. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनची ताकद पट्ट्यावरून क्लचकडे आणि तेथून लहानशा गिअरपेटीमार्फत चाकाकडे जाते. इंजिन बंद असले की क्लच सुटलेला असतो. अशा वेळी चाक फिरवले तर ब्रेकचा ड्रम आणि गिअरपेटीतली चक्रे फिरतात. पट्टा मात्र जागचा हलत नाही.

एवढ्यावरून निम्मी उकल होते. हाताने फिरवतानाही आवाज आला, तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा गिअरपेटीत. फक्त इंजिन चालू असतानाच आला, तर संशय पट्ट्यावर, क्लचवर किंवा सैल झालेल्या सायलेन्सरवर. मात्र नुकते खराब होऊ लागलेले बेअरिंग वजन नसताना गप्प बसू शकते, हे लक्षात ठेवा. आणि इंजिन चालू असताना फिरत्या चाकाजवळ हात नेऊ नका.

दुसरी तपासणी मोजण्याची. टायरवर '९०/१००-१०' असे लिहिलेले असेल, तर ते चाक एका फेरीत साधारण १.३५ मीटर पुढे जाते. म्हणजे इंजिन बंद ठेवून चालण्याच्या वेगाने गाडी ढकलली, की चाकाची सेकंदाला सुमारे एक फेरी होते. टायरवर खडूने खूण करा आणि ऐका. दर फेरीला एकदाच 'टक' होत असेल, तर टायरच्या खाचेत खडा किंवा खिळा आहे का, टायरला कोठे फुगवटा आला आहे का, ते पाहा. दर फेरीला एकाच जागी घासल्याचा आवाज येत असेल, तर ड्रमची गोलाई बिघडलेली असू शकते. सतत घासत असेल, तर ब्रेक जास्त आवळला गेला आहे किंवा शू अडकून राहिले आहेत.

ब्रेक दाबल्यावरच किंचाळल्यासारखा आवाज येतो? पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर आवाज गेला, तर काळजी नाही. गेला नाही, तर ड्रममध्ये धूळ साचली आहे किंवा लायनर संपत आले आहेत. अनेक गाड्यांत ब्रेकच्या दांडीपाशी एक बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो शेजारच्या खुणेशी जुळला, की लायनर बदलायची वेळ झाली. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसांना घातक आहे.

वेगाबरोबर चढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची किंवा गिअरपेटीची असते. स्टँडवरच चाक वर आणि खाली धरून आडवे हलवून पाहा. इंजिनसकट सगळेच हलले, तर इंजिन जेथे टांगलेले असते तेथले बुश झिजलेले असू शकतात. चाक एकटेच हलले, तर नट सैल आहे किंवा बेअरिंग गेले आहे. तशी गाडी चालवू नये, मेकॅनिकलाच घरी बोलवावे. गिअरपेटीत तेल असते जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर. इंजिन ऑइल बदलताना त्याचा हमखास विसर पडतो. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर हे तेल तपासून घ्या. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे.

विजेवरच्या स्कूटरची रचना वेगळी असते. काहींची मोटर चाकातच बसवलेली असते. तिची तपासणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

गॅरेजमध्ये गेल्यावर "मागून आवाज येतो" एवढेच सांगू नका. आवाज कोणत्या वेगाला येतो, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, इंजिन बंद असताना येतो का, आणि दर फेरीला एकदा येतो की सतत, या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. मेकॅनिकचा वेळ वाचेल आणि नको असलेला सुटा भाग तुमच्या माथी बसणार नाही. मात्र ड्रम हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, चाक मध्येच अडकत असेल किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नका. त्या दिवशी मुलांना शाळेत रिक्षाने सोडा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)