वडिलांचं नाव मध्ये

पुण्यातल्या एका कॉलेजचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष. सकाळचे साडेदहा. बाकावर आम्ही दोघं, टांझानियाहून बी.एस्सी.ला आलेला माझा भाडेकरू आणि घरमालक म्हणून मी. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल आहे आणि फाइलवर दोन्ही हात.

त्याला येऊन आज 11 दिवस झालेत. 14 दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज जायला हवा. अर्ज ऑनलाइन, तरी कागद लागतात ते लागतातच : पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं बोनाफाइड, राहत्या जागेचा पुरावा. हा शेवटचा कागद म्हणजे मी. त्याआधी, तो आल्यापासून 24 तासांच्या आत, मी त्याच्या राहण्याची माहिती कळवणारा ऑनलाइन फॉर्म भरलाय. ‘परदेशी मुलगा कशाला?’ यावर सोसायटीत दोन मीटिंगा झाल्या, त्या वेगळ्याच.

समोर ‘स्टडी इन इंडिया’चं पोस्टर. केंद्र सरकारची ही 2018ची मोहीम. पुढे 2022मध्ये यूजीसीनं परदेशी मुलांसाठी मंजूर जागांवर आणखी 25 टक्के जागांची मुभा दिली. दिल्लीनं जागा वाढवल्या खऱ्या, पण वर्गातल्या. खोलीचं ज्याचं त्यानं बघायचं.

आमचा नंबर येतो. काउंटरला काच आहे, तिच्याखाली हात जाईल एवढी फट. मला उगाच मुजुमदार सर आठवतात. कावीळ झालेल्या मॉरिशसच्या मुलाला हॉस्टेलच्या खिडकीतून जेवण देणारी मुलगी त्यांनी पाहिली आणि 1971 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. पुण्यात ही गोष्ट पाठ नसलेला माणूस विरळाच.

फटीतून फाइल आत जाते. बाई पासपोर्ट आणि बोनाफाइड शेजारी-शेजारी ठेवतात आणि थबकतात.

“सरनेम कौनसा?”

तो बोटांवर मोजत सांगतो : पहिलं माझं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. बोनाफाइडवर मात्र वडील शेवटी गेलेत.

“अहो काका, हे असंच वर पाठवलं तर अर्ज परत येणार,” बाई मला म्हणतात. मग त्याच्याकडे वळून, “वडिलांचं नाव मध्ये! आमच्यासारखंच की.”

त्याला मराठी कळत नाही, पण तो हसतो.

प्रिंटर कागद गिळतो. बाई झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढतात, झाकणावर चापट मारतात. दुसरा निघतो, गरम. मुलगा एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघतो. मग फाइलमधला भाडेकरार काढतो आणि माझ्या नावातल्या मधल्या शब्दावर बोट ठेवतो.

“फादर?”

मी मान हलवतो.