लसीवरचा पैसा वाया गेला काय?

गैरसमज : ‘सरकारने लसीवर तिजोरी रिकामी केली, तोच पैसा मजुरांना आणि दुकानदारांना वाटला असता, तर लोक तरले असते.’

एका बाजूस सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूस सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय असलेल्या, वर्धा शहराला लागून वसलेल्या पिपरी मेघेत हे विधान सुशिक्षितांच्याही तोंडून इतक्या वेळा आणि इतक्या निश्चयाने ऐकू येते, की त्याचा समाचार घेणे आता अपरिहार्य झाले आहे. या विधानामागे एक गृहीत दडलेले आहे : आरोग्यावरील खर्च हा दानधर्म आणि धंद्यावरील खर्च तेवढा अर्थकारण. हे गृहीतच मुळात चुकीचे आहे.

वस्तुस्थिती : २०२१-२२च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने कोविड लसीकरणासाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे राष्ट्रीय उत्पादनाची सुमारे २ लाख कोटी रुपयांची हानी होईल, असा अंदाज रिझर्व्ह बँकेने आपल्या जून २०२१च्या पत्रिकेत मांडला. लस वेळेवर मिळती तर ही सर्वच हानी टळली असती असे कोणी विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु तिचा केवळ पाचवा हिस्सा टळला असता, तरी देशाच्या जमाखर्चात लसीची संपूर्ण तरतूद भरून निघून वर शिल्लक राहिली असती. आपल्या राज्यापुरते पाहावयाचे, तर २०२०-२१च्या आर्थिक पाहणीत महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेत ८ टक्के घट अपेक्षिली होती; शेती तेवढी ११.७ टक्क्यांनी वाढेल, उद्योग ११.३ आणि सेवाक्षेत्र ९ टक्क्यांनी खाली येईल, असा तो अंदाज होता.

मजुराचाच प्रश्न काढावयाचा, तर त्याचाही हिशेब मांडू. केंद्र सरकारला कोविशील्डची मात्रा आरंभी २०० रुपयांना पडत होती आणि रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२१-२२मध्ये २४८ रुपये होती. म्हणजे एका मजुराच्या दोन्ही मात्रांचे मोल त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीहूनही कमी. टाळेबंदीत त्याचे किती दिवस बुडाले, हे त्यालाच विचारावे.

यावर उत्तर येते, की धंदा रोगाने नव्हे, टाळेबंदीच्या हुकुमाने बुडाला. शिकागो विद्यापीठाचे गूल्सबी आणि सायव्हरसन यांनी अमेरिकेतील दुकानांवरची वर्दळ तपासली, तेव्हा ती ६० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्यांपैकी सरकारी निर्बंधांच्या वाट्याला केवळ ७ टक्के आले. उरलेली घट प्रामुख्याने भयाने घडवली होती, आणि भय हे फर्मान काढून उठवता येत नाही.

सरकारवर आक्षेप घ्यावयाचाच असेल, तर तो अधिक खर्चाचा नव्हे, विलंबाचा घ्यावा. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झाले. परंतु उत्पादकांना सुमारे ४,५०० कोटींची आगाऊ रक्कम मंजूर झाली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, लाट माथ्यावर आल्यावर. २८ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने १८ ते ४४ वयोगटासाठी १२ कोटी मात्रांकरिता ६,५०० कोटी रुपये खर्चण्याची सिद्धता दाखवली आणि दोन आठवड्यांच्या आत, तुटवड्यामुळे, त्याच वयोगटाचे लसीकरण स्थगित करण्याची पाळी आली. पैसा देण्याची तयारी होती, लस नव्हती. कारण कारखान्याची उत्पादनक्षमता काही महिने आधी उभी करावी लागते, ती ऐन संकटात विकत मिळत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या रुचिर अगरवाल व गीता गोपीनाथ यांनी मे २०२१मध्ये हेच जागतिक परिमाणावर मांडले : ५० अब्ज डॉलर त्वरेने खर्चले, तर २०२५पर्यंत सुमारे ९ लाख कोटी डॉलरचा लाभ संभवतो.

आणखी काही समज, संक्षेपाने

‘लस घेऊनही संसर्ग होतो, मग उपयोग काय?’ : लसीचे मुख्य कार्य गंभीर आजार आणि मृत्यू टाळणे हे आहे, ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मधील २०२२च्या अभ्यासानुसार पहिल्या वर्षात भारतातील सुमारे ४२ लाख मृत्यू टळले.

‘लसीमुळे तरुण अकस्मात मरू लागले’ : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३च्या अभ्यासात १८ ते ४५ वयोगटात लसीमुळे असा धोका वाढल्याचे आढळले नाही, उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता.

‘१०० कोटी मात्रा झाल्या, तेव्हाच देश सुरक्षित झाला’ : २१ ऑक्टोबर २०२१ रोजी दोन्ही मात्रा मिळालेले प्रौढ सुमारे तीन-दशांशच होते.

‘गांधीजींच्या जिल्ह्याला लस शोभत नाही’ : गांधीजींनी देवीच्या लसीविरुद्ध लिहिले हे खरे; परंतु त्यांच्याच नावाची सेवाग्रामची वैद्यकीय संस्था कोविशील्डच्या चाचणीत सहभागी होती.

साथ पुन्हा येईल. त्या वेळी लसीवर किती खर्च झाला, एवढेच विचारून थांबू नका. मागणी केव्हा नोंदवली आणि आगाऊ रक्कम केव्हा दिली, हे आपल्या प्रतिनिधींना साथ येण्यापूर्वीच विचारा. लवकर दिलेली लस हीच सर्वांत स्वस्त आर्थिक मदत होय.