फोन टीव्हीला जोडताना ‘कास्ट’ करायचे की ‘मिरर’? केबलशिवाय जोडणी कशी करावी, काळजी कोणती घ्यावी?

लग्नाचे फोटो असोत, मुलांच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडीओ असो की यूट्यूबवरचे कीर्तन, फोनच्या छोट्या पडद्यावर चौघांनी डोकी एकत्र करून पाहण्यापेक्षा ते समोरच्या टीव्हीवर लावावे, असे घरोघरी वाटते. त्यासाठी आता केबल लागत नाही. मात्र फोनच्या सेटिंग्जमध्ये गेल्यावर कास्ट, स्क्रीन मिररिंग, स्मार्ट व्ह्यू, स्क्रीनकास्ट, एअरप्ले अशी नावे समोर येतात आणि गोंधळ सुरू होतो. कधी टीव्हीच सापडत नाही, कधी आवाज येतो पण पडदा काळा राहतो, तर कधी सिनेमा सुरू असताना व्हॉट्सॲपवरचा खासगी मेसेज अख्ख्या घराला वाचायला मिळतो. यातल्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ एकच आहे. कास्ट करणे आणि मिरर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

कास्ट आणि मिरर यांत फरक काय?

कास्ट करताना फोन फक्त रिमोटचे काम करतो. यूट्यूबमध्ये कास्टचे चिन्ह दाबले की ‘हा व्हिडीओ लाव’ एवढाच निरोप फोन टीव्हीला देतो. त्यानंतर टीव्ही स्वतःच्या इंटरनेट जोडणीवरून तो व्हिडीओ थेट मिळवतो. त्यामुळे फोन लॉक केला, कॉल घेतला किंवा दुसरे ॲप उघडले तरी टीव्हीवरचा व्हिडीओ थांबत नाही. बॅटरीही फारशी उतरत नाही.

मिरर करताना फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दिसतो. पडद्यावरचे चित्र फोन सतत टिपतो, त्याचा आकार कमी करतो आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवत राहतो. हे काम अखंड सुरू असल्याने फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते आणि चित्र किंचित उशिरा पोहोचते. फोनचा पडदा बंद झाला की टीव्हीवरचे चित्रही जाते. मुख्य म्हणजे फोनवर जे जे दिसेल, ते सगळे टीव्हीवर दिसते. त्यात मेसेज, कॉल करणाऱ्याचे नाव आणि फोटो गॅलरी असे सारे आले.

गोंधळाचे आणखी एक कारण म्हणजे नावे. अनेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधला ‘कास्ट’ हा पर्याय प्रत्यक्षात पूर्ण पडदा मिरर करतो. म्हणून सोपी खूण लक्षात ठेवावी. ॲपच्या आत दिसणारे बटण दाबले, तर ते बहुतेक वेळा कास्टिंग असते. वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या क्विक सेटिंग्जमधले किंवा फोनच्या सेटिंग्जमधले बटण दाबले, तर ते मिररिंग असते.

यामागची तंत्रज्ञाने कोणती?

घरगुती वापरात प्रामुख्याने तीन पद्धती आहेत.

मिराकास्ट : वायफाय अलायन्स या उद्योगसंस्थेने २०१२ मध्ये ही पद्धत आणली. यात फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने एकमेकांशी थेट जोडले जातात. राउटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. सॅमसंगचे ‘स्मार्ट व्ह्यू’ किंवा इतर कंपन्यांच्या फोनमधले ‘स्क्रीनकास्ट’, ‘वायरलेस डिस्प्ले’ असे पर्याय बहुतांशी याच पद्धतीने चालतात. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये मात्र मिराकास्ट मिळत नाही.

गुगल कास्ट : गुगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट हे छोटे उपकरण बाजारात आणले आणि ही पद्धत रूढ झाली. क्रोमकास्टचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले, पण गुगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीमध्ये हे तंत्रज्ञान आतच बसवलेले असते. यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात.

एअरप्ले : ही ॲपलची पद्धत २०१० पासून आहे. २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी अशा इतर कंपन्यांच्या निवडक टीव्हींमध्येही ती मिळू लागली. आयफोनला मिराकास्ट चालत नाही, त्यामुळे आयफोनचा पूर्ण पडदा दाखवायचा असेल तर टीव्हीमध्ये एअरप्लेची सोय आहे का, हे आधी पाहावे. अशी सोय नसली तरी गुगल टीव्हीवर आयफोनमधल्या यूट्यूबसारख्या ॲपमधून कास्ट करता येते.

जोडणी कशी करायची?

व्हिडीओ कास्ट करायचा असेल तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायला जोडा. फोनवर ॲप उघडा, व्हिडीओ सुरू करा आणि कास्टचे चिन्ह दाबा. चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात वायफायसारख्या रेषा, असे ते चिन्ह असते. यादीतून आपल्या टीव्हीचे नाव निवडले की काम झाले. यूट्यूबमध्ये आणखी एक सोय आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मिळणारा कोड फोनवरच्या ॲपमध्ये टाकला, की दोघे वेगवेगळ्या इंटरनेट जोडणीवर असले तरी चालते.

अँड्रॉइड फोनवरून पूर्ण पडदा दाखवायचा असेल तर टीव्हीवर आधी ‘स्क्रीन मिररिंग’, ‘स्क्रीन शेअर’ किंवा ‘वायरलेस डिस्प्ले’ हा पर्याय सुरू करावा. मग फोनच्या क्विक सेटिंग्जमधून कंपनीने दिलेला पर्याय निवडावा आणि टीव्हीवर येणारी परवानगीची सूचना किंवा पिन मान्य करावा. आयफोनवर कंट्रोल सेंटर उघडून ‘स्क्रीन मिररिंग’ निवडावे.

टीव्ही स्मार्ट नसला तरी त्याला एचडीएमआय पोर्ट असेल, तर स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स लावून हेच करता येते. अशी स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून चालवली तर कधी कधी वीज कमी पडते आणि ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. त्यामुळे सोबत आलेला ॲडॉप्टर वापरणे चांगले. घरातला डीटीएच किंवा ब्रॉडबँडचा सेट-टॉप बॉक्स अँड्रॉइडवर चालणारा असेल, तर त्यात कास्टची सोय असू शकते. नवी स्टिक विकत घेण्यापूर्वी हे तपासावे.

घरी ब्रॉडबँड नसेल तर?

अनेक घरांत इंटरनेट म्हणजे फोनचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा. अशा ठिकाणी मिराकास्ट उपयोगी पडते. गॅलरीतले फोटो, स्वतः काढलेले व्हिडीओ, फोनमध्ये आधीच असलेली फाइल हे सगळे डेटा न वापरता टीव्हीवर दाखवता येते. मिरर करताना फोनकडून टीव्हीकडे जाणारे चित्र घरातल्या घरात जाते. त्यासाठी डेटा पॅक खर्च होत नाही. मात्र तेव्हा यूट्यूब पाहत असाल, तर फोन तो व्हिडीओ इंटरनेटवरून घेतो आणि तेवढा डेटा नेहमीसारखाच वापरला जातो.

एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्याला टीव्ही आणि दुसरा फोन जोडला, तरी कास्ट करता येते. पण इथे खर्चाकडे लक्ष हवे. मोठ्या पडद्यावर टीव्ही सहसा वरच्या दर्जाचा व्हिडीओ मागतो. नेटफ्लिक्सने दिलेल्या माहितीनुसार एचडी दर्जासाठी तासाला ३ जीबीपर्यंत, तर फोर-के दर्जासाठी तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे दिवसाचा पॅक सिनेमा अर्धाही होण्याआधी संपू शकतो. हॉटस्पॉटवर पाहताना ॲपमध्ये व्हिडीओचा दर्जा स्वतःहून कमी करून ठेवावा.

यादीत टीव्ही दिसत नसेल तर काय तपासावे?

फोन आणि टीव्ही खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे सर्वात आधी पाहावे. फोन नकळत मोबाइल डेटावर गेलेला असतो किंवा एक जण मुख्य वायफायवर आणि दुसरा ‘गेस्ट’ नेटवर्कवर असतो. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत, अशीच रचना असते. हॉस्टेल, पीजी किंवा हॉटेलच्या वायफायवर टीव्ही न सापडण्याचे कारणही अनेकदा हेच असते.

फोनमध्ये व्हीपीएन सुरू असेल तर तो बंद करावा. आयफोनवर संबंधित ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे का, हे सेटिंग्जमध्ये पाहावे. ती नाकारलेली असेल तर ॲपला टीव्ही सापडत नाही. चित्र अडखळत असेल तर राउटरवरील ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरावा. २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला जास्त असतो, पण शेजारपाजारचे राउटर आणि ब्लूटूथ यांची त्याच पट्ट्यात गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह सुरू झाला तरी त्यात अडथळा येतो.

एवढे करूनही जमले नाही तर टीव्ही, फोन आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करावेत. फॅक्टरी रीसेटची घाई मात्र करू नये. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर अचानक बंद पडली होती. त्यांच्यातल्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपणे, हे त्याचे कारण होते. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती दिली, पण दरम्यान उपकरण रीसेट करू नका, असेही सांगितले. ज्यांनी आधीच रीसेट केले होते, त्यांचा त्रास वाढला.

पडदा काळा का दिसतो?

सिनेमा आणि मालिकांची नक्कल होऊ नये म्हणून ओटीटी ॲप त्यांना डिजिटल कुलूप लावतात. त्यामुळे मिरर करताना आवाज येतो, पण चित्र येत नाही. बँकांची अनेक ॲपही सुरक्षेसाठी पडदा असाच झाकतात. हा टीव्हीचा बिघाड नाही, त्यामुळे मेकॅनिक बोलावण्याची गरज नसते.

यावर उपाय म्हणजे ॲपमधले कास्टचे बटण किंवा थेट टीव्हीवरचे ॲप. पण कास्टचे बटणही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये एअरप्लेची सोय बंद केली आणि २०२५ च्या अखेरीस बहुतांश नव्या टीव्हींवर फोनवरून कास्ट करणेही थांबवले. अशा टीव्हींवर रिमोटने टीव्हीतले ॲप उघडणे हाच मार्ग उरतो.

खासगीपणा कसा जपायचा?

मिरर करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावे, म्हणजे मेसेजच्या सूचना पडद्यावर उसळून येणार नाहीत. अँड्रॉइड १५ पासून पडदा शेअर करताना ओटीपी आणि सूचनांमधला मजकूर झाकण्याची सोय आली आहे. जुन्या फोनमध्ये मात्र ही काळजी स्वतःच घ्यावी लागते. पाहुण्यांना फोटो दाखवायचे असतील तर पूर्ण पडदा मिरर न करता गुगल फोटोजसारख्या ॲपमधून तेवढेच फोटो कास्ट करावेत.

सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरे असतात. फोनच्या यादीत शेजाऱ्यांचा टीव्हीही दिसू शकतो. आपल्या टीव्हीला ओळखू येईल असे नाव द्यावे आणि नवा फोन जोडताना दर वेळी परवानगी किंवा पिन मागितला जाईल, अशी सेटिंग ठेवावी. वायफायचा पासवर्ड इमारतीत सर्वांना माहीत असेल, तर त्यातला कोणीही तुमच्या टीव्हीवर व्हिडीओ लावू शकतो.

राउटरकडे दुर्लक्ष केले तर धोका घराबाहेरूनही येतो. जानेवारी २०१९ मध्ये हॅकरनी राउटरच्या ढिल्या सेटिंगचा फायदा घेऊन जगभरातील हजारो क्रोमकास्ट आणि स्मार्ट टीव्हींवर आपला व्हिडीओ लावून दाखवला होता. राउटरमधली ‘यूपीएनपी’ ही सोय त्याला कारण ठरली. गरज नसेल तर ती बंद ठेवावी आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा.

‘स्क्रीन शेअर करा’ असे फोनवर कोणी सांगितले तर?

सर्वात मोठी सावधगिरी इथे हवी. टीव्ही जोडला जात नाही म्हणून अनेक जण इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि खोट्या नंबरच्या जाळ्यात अडकतात. ‘तुमचा फोन इथून तपासतो’ असे सांगून पलीकडची व्यक्ती एखादे ॲप घ्यायला लावते किंवा व्हिडीओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगते. घरातल्या टीव्हीवर मिरर करणे आणि अनोळखी माणसाला पडदा दाखवणे यात तंत्र सारखेच असते. तुम्हाला जे दिसते, ते त्यालाही दिसते. त्यात ओटीपीही आला. एनीडेस्कसारख्या ॲपचा असा गैरवापर होत असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

टीव्ही जोडण्यासाठी बाहेरच्या कोणालाही तुमच्या फोनचा पडदा पाहण्याची गरज नसते. कंपनीचा नंबर टीव्हीच्या बॉक्सवरून, बिलावरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्ले स्टोअरवरची ‘मिररिंग’ नावाची अनोळखी ॲपही टाळावीत, कारण फोनमधल्या मूळ सोयीवर बहुतेकांचे काम भागते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त असते.

थोडक्यात, कशासाठी काय वापरावे?

• यूट्यूब, गाणी, मालिका : ॲपमधले कास्टचे बटण किंवा टीव्हीवरचे ॲप.
• इंटरनेट नसताना फोटो आणि घरचे व्हिडीओ : मिराकास्टने मिररिंग.
• मुलांचा ऑनलाइन वर्ग, पीडीएफ, वेबसाइट : मिररिंग, पण ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू ठेवून.
• वेगवान गेम : मिररिंगमध्ये चित्र उशिरा पोहोचते, त्यामुळे केबल बरी.
• बँकेचे व्यवहार, यूपीआय : आधी मिररिंग बंद, मगच व्यवहार.