वकील नसेल तर कुठल्या दारात जायचं?

नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाशी उभा होतो. शेजारच्या मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून फ्रिजचं बिल काढलं आणि दुकानदारापुढे ठेवलं. "भाऊ, जरा गडद काढून द्या ना." बिल थर्मल कागदाचं. वीस महिन्यांत अक्षरं उडून कागद पांढराफटक झालेला, वर दुकानाच्या नावाची पुसट सावली तेवढी उरलेली. फ्रिज पाचव्या महिन्यातच बंद पडला होता. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानात जा. मावशींनी नाद सोडून दिला होता. "वकील कुठून लावू? फ्रिजपेक्षा वकीलच महाग पडन."

मी आमच्या वस्तीत लोकांचे अर्ज लिहून देतो. हे वाक्य मला सारखं ऐकू येतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण वकिलाच्या फीपेक्षा या समजुतीनेच माणसाचं जास्त नुकसान होतं. माणूस थांबतो आणि मुदत निघून जाते.

आधी मुळातलं. वकिलाशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, हे खरं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम १ मध्ये पक्षकाराने स्वतः हजर राहून काम चालवण्याची सोय आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडायला कुणाची सनद लागत नाही. सनद लागते ती दुसऱ्याची बाजू मांडायला. इथे घराघरांत घोळ होतो. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिलं म्हणजे मुलगा कोर्टात युक्तिवाद करू शकेल, असं धरून चालतात. मुखत्यारपत्रावर तो कागद दाखल करेल, तारखेला हजर राहील. पण युक्तिवाद करायचा तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही स्वतः बाजू मांडता येते, मात्र तिथे त्यासाठी वेगळे नियम आहेत आणि छाननी समितीपुढून जावं लागतं.

मावशींचं प्रकरण तर कोर्टाचं नव्हतंच, ग्राहक आयोगाचं होतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रार स्वतः करता येते. दुकान किंवा कंपनी कुठल्या का गावची असेना, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती देता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आधी वकिलाची नोटीस पाठवावीच लागते, असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते. अडतं ते मुदतीपाशी. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. उशिराचं सबळ कारण पटवून दिलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. मावशींचा फ्रिज पाचव्या महिन्यात बिघडला होता, म्हणजे त्यांच्या हातात अजून नऊ महिने होते. हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

"पण इंग्रजीत लिहावं लागते ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. नाही. महाराष्ट्रात जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेपासून. इंग्रजी लागते ती उच्च न्यायालयात. आणि कायद्याची भारदस्त भाषा तर कुठेच लागत नाही. काय घडलं, कधी घडलं, कागद कोणता, मागणी काय, एवढं सरळ लिहावं. मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांना पोलीस कोठडीत मारहाण झाली, असं कळवणारं पत्र पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पाठवलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, आणि १९८३ च्या निकालात महाराष्ट्रातल्या अटक झालेल्यांना कायद्याची मदत कशी पोहोचवायची याचे आदेश दिले. प्रत्येक पत्राची याचिका होत नाही, हे खरं. तरी साध्या शब्दांचं वजन त्यातून कळतं.

सगळ्यात मोठा घोळ आहे 'सरकारी वकील' या शब्दाचा. गरिबाला सरकारी वकील फुकट मिळतो, असं लोक म्हणतात. सरकारी वकील फौजदारी खटल्यात सरकारच्या वतीने, म्हणजे आरोपीच्या विरोधात उभा असतो. आपल्याला मोफत मिळतो तो विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. त्यासाठी पिवळं रेशनकार्ड लागतं, हीसुद्धा चुकीची समजूत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ काढून बघा: कुठलीही स्त्री आणि कुठलंही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला. या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा, हेल्पलाइन १५१००. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाने आपल्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मागितला तर त्याच कार्यालयात लेखी कळवावं. मोफत वकिलाच्या या हक्काच्या मुळाशीही आपल्याच राज्यातला एक खटला आहे. १९७८ च्या हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याला निकालाची नक्कल मोफत मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही.

लोक अदालतीत तडजोड करावीच लागते, ही भीतीही निराधार आहे. नाही पटलं तर सही करू नका, प्रकरण जिथून आलं तिथे परत जातं. मात्र सही करण्यापूर्वी दोनदा वाचा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

भाड्याच्या घरांबद्दल सविस्तर सांगायला हवं. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे इथे घरमालक आणि भाडेकरू दोघंही छातीठोकपणे सांगतात. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, तिथे एक वर्षापुढच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीनचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या मानल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय घरमालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे नोंदणी झाली, असं नव्हे. आणि भाडं थकलं म्हणून घरमालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली भाडेकरूला कोर्टाकडे धाव घेता येते.

स्टॅम्पपेपरचं निघालंच आहे म्हणून: सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने. तरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक मुद्रांक विकत घेत रांगा लावतात. साध्या कागदावर चालतं.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि मला हा जास्त घातक वाटतो: कायद्याची माहितीपुस्तिका वाचली, मोबाइलवर अर्जाचा नमुना मिळाला, की झालं. बाजारपेठेतल्या कितीतरी व्यापाऱ्यांचे चेकचे दावे इथे अडकतात. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार. नोटीस स्वतः पाठवता येते, वकीलच लागतो असं नाही. पण नमुन्यात रक्कम चुकीची उतरली किंवा दिवस मोजताना चूक झाली, तर खरा पैसाही हातचा जातो. आणि अटक, जामीन, फौजदारी आरोप असलं काही आलं की पुस्तिका बाजूला ठेवून थेट विधी सेवेचा वकील मागावा. चांगली पुस्तिका हे पहिल्याच पानावर छापते. कलमांची जंत्री देऊन थांबणारी पुस्तिका मी कुणाच्या हातात देत नाही.

मावशींच्या कोऱ्या बिलाचं काय? मी त्यांना बँकेचं पासबुक आणायला सांगितलं. फ्रिजचे पैसे कार्डाने दिले होते, आणि त्या महिन्याच्या पानावर दुकानाचं नाव, तारीख आणि रक्कम, तिन्ही एका ओळीत छापलेलं होतं. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्काही निघाला. नातवाने मोबाइलमध्ये दोन्हींचे फोटो काढले, आणि सर्व्हिस सेंटरला केलेल्या फोनच्या तारखा मावशींनी एकेक आठवून वहीच्या पानावर उतरवल्या. त्या पानावरून आम्ही तक्रार लिहायला बसलो.