रिले-विक्रमाचें भाकीत

अमेरिकेंतील माध्यमिक शाळांत ‘डिस्टन्स मेडली’ नांवाची एक रिले शर्यत होते. चार मुलें अनुक्रमें १२००, ४००, ८०० आणि १६०० मीटर धांवतात. फिलाडेल्फियाच्या, १८९५ सालीं सुरू झालेल्या ‘पेन रिलेज’मध्येंहि ती असते.

विक्रम मोडेल काय, असा प्रश्न निघाला कीं जो तो चौघांच्या उत्तम वेळांची बेरीज करूं लागतो. समजा, ३ मि. ४ से., ४९ से., १ मि. ५४ से. आणि ४ मि. १३ से.; बरोबर १० मिनिटें! पण ही बेरीज फसवी. १२०० मीटरांची स्वतंत्र शर्यत क्वचितच होते. तेव्हां पहिला आंकडा हा निव्वळ अदमास. पहिल्याखेरीज तिघे बॅटन घेतांना पावलें टाकूं लागलेले असतात, तेवढा थोडा लाभ मात्र खरा.

मोठी चूक होते ती शेवटच्या मुलाविषयीं. त्याची उत्तम वेळ बहुधा चुरशींत, दुसऱ्याच्या पाठीशीं राहून साधलेली असते. सोबत्यांनीं भरघोस आघाडी मिळवून दिली, तर वारा एकट्यानें कापावयाचा आणि गतीहि स्वतःच राखावयाची! २०१५ सालीं नॅसॉ येथें अमेरिकन संघानें ९ मि. १५.५० से. हा तेव्हांचा विश्वविक्रम केला, तेव्हां केनियाचा संघ दोन सेकंदांच्या आंत मागोमाग होता.

शाळेंतलें शेवटचें वर्ष असलेल्या मुलांना दुसरा हंगाम मिळत नाहीं. म्हणून जाणता शिक्षक बेरजेआधीं एवढेंच विचारतो: त्या दिवशीं शेजारीं धांवणार कोण?