खेळाडूंची अदलाबदल: निवाडा कोणत्या तारखेचा?

खेळाडूंच्या अदलाबदलीचा निवाडा करताना आधी तारीख ठरवावी लागते. सौद्याच्या दिवशी संघाला जे ठाऊक होते तेवढेच हिशेबात धरायचे. हे पाळणे अवघड आहे. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचायला दिले आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून दिसत होता असे वाटले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आयपीएलमधील राजस्थान रॉयल्सने मुंबईकर अजिंक्य रहाणे दिल्ली कॅपिटल्सला दिला आणि मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोन लेगस्पिनर घेतले. २७ सप्टेंबर २०२० ला शारजात तेवतियाने पंजाबच्या शेल्डन कॉट्रेलला एका षटकात पाच षटकार ठोकले, राजस्थानने २२४ चे लक्ष्य गाठले आणि दिल्ली फसली असे म्हणणे सोपे झाले. पण त्याच डावात पहिल्या १९ चेंडूंत त्याच्या फक्त ८ धावा होत्या. तिथेच तो बाद झाला असता, तर हाच सौदा शहाणपणाचा ठरला असता. शिवाय निकालच पुरावा मानायचा तर कोणता? त्या मोसमात दिल्ली अंतिम सामन्यात पोहोचली, राजस्थान तळाला राहिले. धानपट्ट्यात वेळेवर पऱ्हे टाकणारा शेतकरी पुढे पावसाने दडी मारली म्हणून अडाणी ठरत नाही.

आता सौद्याच्या दिवशीची बाजू. रहाणेने २०१९ च्या मोसमात ३९३ धावा केल्या होत्या, त्यात दिल्लीविरुद्ध नाबाद १०५. दिल्लीने सौद्याच्याच महिन्यात फिरकीपटू अश्विनला घेतले होते. अक्षर पटेल आणि अमित मिश्रा होतेच. तेवतियाला जागा कुठली? स्पर्धा अमिरातीत जाईल, हे तर कुणाच्याच ध्यानीमनी नव्हते. तरीही एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे: धवन, शॉ, अय्यर, पंत असताना दिल्लीला वरच्या फळीत आणखी एक फलंदाज कशाला हवा होता? हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येत होता, त्यासाठी शारजाच्या षटकारांची गरज नव्हती.

निकाल निरुपयोगी नाहीत, पण एका सौद्यातून फारसे कळत नाही. एकाच व्यवस्थापनाचे अनेक वर्षांचे सौदे ओळीने मांडले, तर नशिबाचा वाटा कमी होत जातो. त्यासाठी प्रत्येक सौद्याची कारणे मोसमाआधीच लिहून ठेवलेली असावी लागतात: कोणती उणीव भरायची होती, दुसरे पर्याय कोणते होते आणि किती धोका पत्करला.