कोंबापासून कंदापर्यंत : घरच्या रताळ्यांची लागवड

रताळे आणि बटाटा घरोघरी एकाच टोपलीत ठेवले जात असले, तरी लागवडीच्या दृष्टीने त्यांच्यात मूलभूत फरक आहे आणि घरी रताळी लावण्याचे पुष्कळसे प्रयत्न हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे फसतात. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड असते. वनस्पतिशास्त्रात त्याला ग्रंथिक्षोड म्हणतात. त्यावरील प्रत्येक डोळा ही खोडावरची कळी असल्याने डोळ्यासह कापलेली फोड पुरली की तिच्यातून नवे झाड उभे राहते. रताळे मात्र अन्न साठवून फुगलेले मूळ, म्हणजे ग्रंथिल मूळ आहे. त्यावर बटाट्यासारखे ठळक डोळे नसतात. पुरेशी ऊब मिळाली की त्याच्या सालीलगतच्या पेशींतून नव्या कळ्या निर्माण होतात आणि त्यांचेच कोंब बाहेर पडतात. हे कोंब वाढवून, कापून लावायचे असतात. रताळे पुरायचे नसते. अख्खे रताळे वाफ्यात पुरल्यास पानांचा पसारा भरपूर होतो, परंतु जुने रताळे एकतर कुजते किंवा स्वतःच फुगून तंतुमय होते, आणि नवी रताळी थोडी व वेडीवाकडी मिळतात.

रताळ्याचे शास्त्रीय नाव आयपोमिया बटाटास असून ते हरिणपदी कुलात मोडते. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, कुंपणावर चढणारी गणेशवेल आणि नाल्याकाठी माजणारा बेशरम ही सर्व याच आयपोमिया प्रजातीतील भावंडे होत. बेशरमाचे तोडून टाकलेले कांडके ओल्या मातीत पडताच मूळ धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला रताळ्याच्या वेलीची रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिच्या प्रत्येक पेऱ्यावर, म्हणजे जेथून पान फुटते त्या गाठीवर, मुळांचे सूक्ष्म आरंभक आधीच तयार असतात. कोवळी वेल जवळून पाहिली असता ते पांढुरक्या टिंबांसारखे दिसतात आणि ओल लागताच एक-दोन दिवसांत लांबू लागतात. खोडातून निघणाऱ्या अशा मुळांना आगंतुक मुळे म्हणतात. आपण खातो ती रताळी याच आगंतुक मुळांपैकी काही मुळे फुगून झालेली असतात.

बियांवाचून केवळ वेलीच्या तुकड्यावर चालणारी ही वाढ या पिकाच्या जगप्रवासालाही कारणीभूत ठरली. रताळे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असले, तरी पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांकडे ते कोलंबसाच्या कित्येक शतके आधी पोहोचले होते; कुक बेटांपैकी मंगाइया येथे मिळालेले त्याचे जळके अवशेष सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. चिनी परंपरेनुसार चेन झेनलोंग या व्यापाऱ्याने १५९३ मध्ये फिलिपाइन्समधील लुझोन बेटावरून रताळ्याची वेल फुजियान प्रांतात आणली. भारतात हे पीक पोर्तुगीजांच्या काळात रुजले असे सामान्यतः मानले जाते, आणि परदेशातून आलेले हे मूळ पुढे महाराष्ट्रात उपवासाच्या ताटात इतके मानाने बसले की आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र या दिवसांत त्याला मोठी मागणी असते.

बेण्यासाठी रताळे निवडताना ते मध्यम आकाराचे, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम वजनाचे, घट्ट, बुरशी नसलेले आणि भोके नसलेले असावे. फ्रिजमध्ये ठेवलेले रताळे यासाठी घेऊ नये, कारण दहा-बारा अंशांखालील थंडीने त्याच्या पेशींना इजा होते आणि ते उगवण्याऐवजी सडते. पाण्याच्या पेल्यात काड्यांच्या आधाराने रताळे अर्धे बुडवून ठेवण्याची पद्धत पाहण्यास मनोरंजक असली, तरी तीत कुजण्याचा धोका अधिक असतो; ओलसर वाळूची किंवा वाळू व शेणखत यांच्या मिश्रणाची पद्धत त्याहून निश्चितच चांगली. पसरट कुंडीत किंवा तळाशी छिद्रे पाडलेल्या ट्रेमध्ये रताळे आडवे ठेवून त्यावर दोन-तीन सेंटिमीटर वाळू पसरावी. वेलीला जोडलेल्या टोकाकडून कोंब लवकर व अधिक निघतात, शेपटीकडून उशिरा. रताळे आडवे ठेवले की ते टोक कोणते हे ओळखण्याची गरज उरत नाही. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस तापमान आणि हलकी ओल मिळाल्यास दोन ते चार आठवड्यांत जांभळट छटेचे कोंब वर येतात, आणि आणखी महिनाभरात त्यांच्या वीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या वेली होतात.

कोंब उपटून न काढता मातीच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धारदार कात्रीने कापावेत. जुन्या रताळ्यातील बुरशी किंवा किडीची अंडी नव्या वाफ्यात जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे. शिवाय मागे राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे एकाच रताळ्यापासून दोन-तीन वेळा बेणे मिळते. कापताच छेदातून दुधासारखा चीक येतो आणि तो बोटांवर वाळून काळा पडतो. वेल ताजी व सशक्त असल्याची ती खूण होय. शेंड्याकडचा भाग बेण्यासाठी सर्वोत्तम समजावा. पाने काहीशी कमी करून ही बेणी एक-दोन दिवस सावलीत ओल्या फडक्यात ठेवली, तर पेऱ्यांवरील मुळे जागी होतात आणि लागवडीनंतर वेल लवकर सावरते.

यापुढचा पहिला महिना-दीड महिना संपूर्ण पिकाचे भवितव्य ठरवतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. बेण्याचे तीन-चार पेरे मातीखाली व शेंडा वर राहील अशी तिरपी लागवड केल्यावर प्रत्येक पेऱ्यातून अनेक मुळे निघतात. सुरुवातीला ती सारखीच दिसतात. पुढे त्यांतील काही जाड मुळांच्या आत पेशींचे वेगाने विभाजन करणारा थर कामाला लागतो, त्या पेशींत स्टार्च साठू लागतो आणि मूळ फुगते. याच काळात माती घट्ट, चिखलट किंवा कोरडी झाली, तर मुळाच्या आतील पेशींवर लिग्निन या काष्ठद्रव्याचा थर बसतो, आणि एकदा असे लाकडासारखे झालेले मूळ पुढे कितीही पाणी-खत घातले तरी फुगत नाही. म्हणूनच रताळ्यांना उंच वरंबे आणि भुसभुशीत, वाळूमिश्रित पोयट्याची माती लागते. बेळगावच्या परिसरात, जेथून महाराष्ट्राच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर रताळी येतात, तेथेही लागवड वरंब्यांवरच होते. गच्चीवर हेच काम साधायचे असेल, तर किमान तीस सेंटिमीटर खोल आणि चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद पिशवीत दोनच बेणी लावावीत. अधिक वेलींच्या मोहाने केवळ पाने वाढतात.

खताच्या बाबतीत घरगुती बागकाम करणाऱ्यांचा हात सढळ असतो आणि तोच येथे नडतो. नत्र जास्त झाले की वेल माजते आणि मुळे उपाशी राहतात. याउलट पालाश, म्हणजे पोटॅश, साखर मुळांपर्यंत नेण्यास आणि ती तेथे स्टार्चच्या रूपात साठवण्यास साहाय्य करते. लागवडीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत आणि माफक लाकडाची राख मातीत मिसळणे बहुतेक वेळा पुरेसे होते. वेलीची पसरलेली फांदी जागोजागी पेऱ्यांतून मुळे सोडत असल्यास ती हलकेच उचलून पुन्हा ठेवावी, परंतु वारंवार उलथापालथ करून पाने दुखावू नयेत. कोवळ्या शेंड्यांची भाजी करता येते. मात्र ती खुडताना हात आखडता ठेवावा, कारण प्रत्येक पान खाली साठणाऱ्या अन्नाचा स्रोत आहे.

या पिकाचा खरा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. मुंगीसारख्या दिसणाऱ्या या किड्याची मादी वेलीच्या बुडाशी किंवा उघड्या पडलेल्या रताळ्यात अंडी घालते, अळ्या आत बोगदे पोखरतात आणि त्यांना प्रतिकार म्हणून रताळे जी कडू द्रव्ये तयार करते, त्यांमुळे थोडासा पोखरलेला भागही उग्र वासाचा होतो. असे रताळे माणसाने खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये. घरच्या वाफ्यात औषध फवारण्यापेक्षा मातीची भर देऊन भेगा बुजवणे, त्याच मातीत लागोपाठ रताळी न लावणे आणि खणणीनंतर राहिलेले तुकडे वेचून काढणे हे उपाय अधिक उपयोगी पडतात.

जातीनुसार साडेतीन ते चार महिन्यांत पीक तयार होते. महाशिवरात्रीला घरची रताळी हवी असतील, तर ऑगस्टअखेर रताळे वाळूत ठेवून ऑक्टोबरात बेणी लावावीत. नवरात्रासाठी हेच काम एप्रिलअखेर सुरू करून जूनच्या आरंभी लागवड करावी. पाने पिवळी पडू लागली की एक रताळे काढून कापावे : छेद तसाच कोरडा व फिकट राहिला तर ते पक्व आहे, हिरवट-काळा पडला तर आणखी थांबावे. काढलेली रताळी न धुता सुमारे तीस अंशांच्या उबदार, दमट सावलीत, जवळ ओले गोणपाट ठेवून, आठवडाभर राहू द्यावीत. या काळात सालीवरील जखमा भरून निघतात आणि गोडीही वाढते. शिजवतानाही आच मंद ठेवावी, कारण साठ ते पंच्याहत्तर अंशांच्या दरम्यान रताळ्यातील विकरे स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतात, आणि घाईने उकडलेल्या रताळ्यात त्यांना ही संधीच मिळत नाही.

महाराष्ट्रात सर्रास मिळणारी लाल सालीची, पांढऱ्या गराची रताळी चवीला उत्तम असली, तरी ‘अ’ जीवनसत्त्वाला आवश्यक असणारे बीटा-कॅरोटीन त्यांच्यात अत्यल्प असते. ते नारिंगी गराच्या जातींत विपुल असते, आणि आफ्रिकेत अशा जातींचा प्रसार करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जान लो या शास्त्रज्ञांना हॉवर्थ बुइस यांच्यासह २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने नारिंगी गराची ‘भू सोना’ आणि जांभळ्या गराची ‘भू कृष्णा’ या जाती विकसित केल्या आहेत. तेव्हा बाजारात कधी नारिंगी किंवा जांभळ्या गराची रताळी हाती लागली, तर सगळी चुलीवर चढवण्याआधी त्यांतले एक वाळूत ठेवावे, आणि त्याच्या वेलीचे दोन शेंडे शेजाऱ्यालाही द्यावेत.